लेसरचा डोनट कातळावरून ४० मीटर न्यायचा तर

मे महिन्यात दुपारी दोनला सड्यावर उभं राहून लांबच्या गडग्याकडे बघितलंय का कधी? चिरे हलताना दिसतात, जणू पाण्याखाली मांडून ठेवलेत. आमच्याकडे रत्नागिरी साइडला हे पोराटोरांनाही माहितीय, त्याला कोणी टर्ब्युलन्स म्हणत नाही एवढंच. कातळ तापतो, त्याला लागून असलेली हवा तापून वर उठते, वरची त्यातल्या त्यात गार हवा खाली येते, आणि या गरम-गार पुंजक्यांतून प्रकाश जायला लागला की प्रत्येक पुंजका एखाद्या ओबडधोबड भिंगासारखा वागतो. एका डिग्रीच्या फरकाने हवेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) साधारण दहा लाखात एक एवढाच बदलतो. म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ४० मीटरमध्ये लाल लेसरच्या सहा कोटींवर लाटा मावतात, तेव्हा सगळ्या वाटेवर एक डिग्री फरक धरला तर साठेक लाटांचा घोळ झाला. प्रत्यक्षात पुंजके उलटसुलट असतात म्हणून बरंच आपापसात कटतं, पण उरतं ते पुरेसं असतं.

आता डोनट बीम (मधे काळं भोक असलेला), बेसेल बीम (फार न पसरता जाणारा) हे असले आकार दिलेले लेसर अशा हवेतून कसे जातात ते घरच्या घरी कसं बघायचं, यासाठी हे लिहितोय. माझं एकच म्हणणं आहे ते आधीच सांगून टाकतो: बीमचा आकार शेवटी बघा, आधी हवा बघा, आणि शेजारी साधा गोल ठिपका असल्याशिवाय डोनटबद्दल एक अक्षरही बोलू नका. हे मला कळायला अख्खी एक सुट्टी गेली, कशी ते पुढे येईलच.

पहिलं डोळ्यांचं. लाल ६५० नॅनोमीटरचं डायोड मॉड्युल घ्या, ५ मिलिवॉटच्या आतलं, आणि फोकस फिरवता येणारं. स्वस्तातले हिरवे पॉइंटर घेऊ नका, त्यात आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचं न दिसणारं इन्फ्रारेड असतं आणि ते अडवायचा फिल्टर बऱ्याचदा बसवलेलाच नसतो, डोळ्याला कळायच्या आत काम झालेलं असतं. बीम जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा, शेवटी काळा मॅट रंग दिलेली फळी, ताटली नाही की खिडकीची काच नाही. अंगणात कोण येतंय-जातंय यावर एक माणूस बसवा, कारण हातभर उंची म्हणजे बसलेल्या पोराचा डोळा. आणि खाडीकडे, रस्त्याकडे किंवा आकाशाकडे तोंड करून हा प्रकार अजिबात करायचा नाही, समोरून होडी येत असते, तिच्यातल्या माणसाला काय माहीत तुमचं काय चाललंय ते.

जागा. आमच्या घरी पडवीपासून मांगराच्या भिंतीपर्यंत बरोबर ४० मीटर भरतात आणि मधे उघडा कातळ आहे, त्यामुळे माझं नशीब. तुमच्याकडे खळं असेल तर खळं, गच्ची असेल तर गच्ची, पण कलमांच्या सावलीतून बीम नेऊ नका, तिथे फार काही होत नाही. लेसर ट्रायपॉडवर लावू नका, वाऱ्याने थरथरतो आणि तुम्हाला वाटतं हवा थरथरतेय. दोन चिरे एकावर एक ठेवून त्यावर मॉड्युल घट्ट बसवा. मग सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी, ऊन पडून साधारण तासभर झालं की एकदा ठिपका बघून घ्या. त्या वेळी जमीन आणि हवा जवळपास एका तापमानाला येतात आणि हवा एकदम शांत असते, तशीच वेळ मावळतीच्या थोडं आधी पुन्हा येते. तेव्हाही ठिपका हलत असेल तर दोष तुमच्या स्टँडचा, टर्ब्युलन्सचं गणित मांडणाऱ्या कोल्मोगोरोवचा नाही.

डोनट कसा बनवायचा तर फोर्क ग्रेटिंगने. साध्या उभ्या काळ्या-पारदर्शक रेघा, ०.२ मिमीला एक जोडी, पण मधोमध एक रेघ फाटून तिच्या दोन होतात, काटा-चमच्यातल्या काट्यासारखं. कॉम्प्युटरवर काढायला सोपं आहे, प्रत्येक पिक्सेलला आडवं अंतर भागिले ०.२ मिमी गुणिले दोन पाय (२π), त्यातून केंद्राभोवतीचा कोन वजा करायचा, आलेल्याचा कोसाइन पॉझिटिव्ह असला तर काळं नाहीतर कोरं. कोनाला १ ने गुणलं की चार्ज १ चा डोनट (चार्ज म्हणजे मध्याभोवती लाटेला किती पीळ पडतात तो आकडा), ३ ने गुणलं तर चार्ज ३ चा, त्यात भोक मोठं. झेरॉक्सवाल्याच्या ओएचपी शीटवर टोनर विरळ बसतो आणि काळ्यातूनही प्रकाश झिरपतो, त्यापेक्षा ऑफसेट प्रेसला लग्नपत्रिकेसाठी जी फिल्म काढतात तशी २४०० डीपीआयची फिल्म काढून घ्या, शंभर पटीने बरी.

फिल्मवाल्याला मात्र नीट समजावून सांगा. मी फाइल मेल केली आणि दुसऱ्या दिवशी फिल्म आणली, लावली, तर डोनट काही केल्या येईना, नुसते तीन गोल ठिपके. दोन तास मी लेन्स पुसतोय, मॉड्युल फिरवतोय. शेवटी फिल्म भिंगाखाली धरली तर रेघा सगळ्या सरळ! फोन केला तर पलीकडून ऐटीत, ‘सर, मधे एक लाइन फाटली होती, ती आमच्या पोराने जुळवून घेतली, वेगळा चार्ज नाय लावला.’ काय बोलणार.

फिल्म लेसरच्या पुढ्यात धरली की समोर एक मधला आणि दोन बाजूचे असे तीन मुख्य बीम निघतात. अशा ग्रेटिंगमध्ये आदर्श हिशोबाने २५ टक्के प्रकाश मधल्यात आणि १० टक्के प्रत्येक बाजूच्या डोनटमध्ये जातो, बाकी काळ्या रेघा खातात आणि थोडा लांबच्या फिकट ठिपक्यांत पसरतो. ०.२ मिमीच्या रेघांनी ४० मीटरवर डोनट मधल्या ठिपक्यापासून १३ सेंटीमीटर बाजूला पडतो. मधला ठिपका म्हणजे आकार न दिलेला साधा गॉसियन बीम, जो जवळजवळ त्याच हवेतून त्याच क्षणी आलाय. लोक त्याला कचरा समजून कागद लावून झाकतात, झाकू नका, तोच तुमचा पंच आहे. फाट्याचा मध्य बीमच्या मध्यावर केसभरही सरकला तर डोनटऐवजी चंद्रकोर दिसते, तेव्हा फिल्म हळूहळू सरकवत बसायची तयारी ठेवा. फोकस असा फिरवा की ४० मीटरवर मधला ठिपका लहानात लहान होईल. निघताना २ मिमी त्रिज्येचा बीम असेल तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे प्रकाशाच्या आपोआप पसरण्यामुळे, तो तिथे पोचेपर्यंत सेंटीमीटरभर व्यासाचा होणारच, त्याहून फार मोठा दिसत असेल तर फोकस चुकलाय.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी दुपारी बटर पेपरचा पडदा लावून मोबाइलने फोटो काढले, सकाळी सुंदर काळं भोक, दुपारी भोक पार बुजलेलं, नुसता लाल गोळा. मी खूश, वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं की टर्ब्युलन्सने डोनट मोडला. दोन दिवसांनी सहज पडद्याजवळ जाऊन बसलो, आणि नुसत्या डोळ्याने बघतोय तर डोनट अख्खाच्या अख्खा, भोकासकट, फक्त खुळ्यासारखा नाचतोय! मोबाइलचा शटर होता सेकंदाच्या तिसाव्या भागाचा, तेवढ्यात डोनट इकडून तिकडे जाऊन येत होता आणि त्याचीच कड त्याच्या भोकावर सांडत होती. म्हणजे मोडला नव्हता, हलला होता. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत आणि अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो.

त्यामुळे कॅमेरा प्रो मोडमध्ये टाका, शटर १/१००० किंवा त्याहून कमी, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. पडद्याच्या मागून शूट करा, लेसरकडे कॅमेरा कधीच नाही. १/१००० का तर साधा हिशोब आहे, वारा सेकंदाला ३ मीटर आणि बीम सेंटीमीटरभर, म्हणजे बीमसमोरची हवा ३ मिलिसेकंदात पूर्ण बदलली, शटर त्याच्या आत मिटला पाहिजे. मग एकाच व्हिडिओतून दोन गोष्टी काढता येतात, एकेक फ्रेम सुटी बघितली की मोडतोड कळते, आणि दोनशे फ्रेमची सरासरी घेतली की नाच धरून एकूण पसरलेला ठिपका मिळतो. पुस्तकात याला शॉर्ट एक्स्पोजर आणि लाँग एक्स्पोजर म्हणतात, फ्रीडने १९६६ मध्ये दुर्बिणींसाठी हा भेद आकड्यात बसवला होता.

त्याच फ्रीडच्या नावाची लांबी इथे कामाला येते, फ्रीड पॅरामीटर. साध्या भाषेत, हवेतला एवढा रुंद तुकडा अजून बऱ्यापैकी एकसंध आहे असं सांगणारं माप. बीम त्याहून बराच बारीक असला तर हवा त्याला फक्त ढकलते, मोडत नाही. बीम त्याच्या बरोबरीचा किंवा मोठा झाला की एका टोकाला एक आणि दुसऱ्याला दुसरंच होतं आणि मग आकार फाटतो. ते काढायला हवेचा जोर लागतो, त्याला सी-एन-स्क्वेअर म्हणतात, आणि हा मधल्या ठिपक्याच्या नाचावरूनच मिळतो. प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्याचं केंद्र काढा, सरासरी जागेपासून ते किती लांब गेलं त्याचे वर्ग करून सरासरी घ्या. ही संख्या म्हणजे २.४२ गुणिले सी-एन-स्क्वेअर गुणिले अंतराचा घन, भागिले निघतानाच्या त्रिज्येचं घनमूळ, सगळं मीटरमध्ये. ४० मीटर, २ मिमी त्रिज्या आणि नाच ०.३५ मिमी आरएमएस (म्हणजे त्या सरासरीचं वर्गमूळ) आला तर सी-एन-स्क्वेअर येतो १० चा उणे १३ वा घात, जो जमिनीलगत भर दुपारी चांगला तगडा समजतात. तेवढ्या हवेत ४० मीटरला फ्रीड पॅरामीटर जवळपास ५ सेंटीमीटर निघतो, आणि आपला बीम सेंटीमीटरभर. म्हणूनच तो मोडत नव्हता! जोर दहापट झाला तरच लांबी सव्वा सेंटीमीटरपर्यंत उतरते आणि कड्यात तुटफूट दिसायला लागते, अर्धं कडं उजळ अर्धं मंद असं. एक अट आहे, हवेतले सर्वात बारीक भोवरे काही मिलिमीटरचे असतात आणि आपला बीमही तेवढाच, त्यामुळे हे सूत्र सी-एन-स्क्वेअर थोडा कमीच सांगतं. खरा त्याहून जास्त असू शकतो, तेव्हा घात बरोबर आला म्हणजे पुरे, दशांशात जाऊ नका.

आता डोनट मुद्दाम मोडायचाय? कोळशाची शेगडी घ्या. ती बीमच्या खाली ठेवून आधी लेसरजवळ, मग मधोमध, मग पडद्यापासून हातभर अंतरावर अशी सरकवत न्या. लेसरजवळ असताना डोनटचे हाल कुत्रं खात नाही, पडद्याजवळ गेल्यावर जवळजवळ काहीच नाही. शेगडी तीच, निखारे तेच. कारण हवा फक्त लाटेला सुरकुत्या पाडते, त्या सुरकुत्यांचे उजेड-अंधाराचे डाग व्हायला पुढे अंतर लागतं, आणि सुरुवातीला थोडा वाकलेला बीम शेवटाला जास्त सरकतो. त्यामुळे ‘वाटेवर किती टर्ब्युलन्स’ एवढं विचारून भागत नाही, कुठे हेही विचारायचं. धूर होऊ देऊ नका, धुराने प्रकाश विखुरतो, ती वेगळीच भानगड. पावसाचं, धुक्याचंही तेच, ते बीमचा जीव घेतात पण टर्ब्युलन्स म्हणून नाही.

चार्ज ३ ची फिल्म असेल तर शेगडीसमोर अजून एक मजा दिसते, मोठ्या भोकाची तीन छोटी भोकं होतात. चार्ज ३ चा भोवरा नाजूक असतो, जरा धक्का लागला की चार्ज १ चे तीन होतात, पण ती तीन भोकं सहजी मरत नाहीत, एकूण बेरीज तीनच राहते, ती बराच काळ टिकते. डायोडचा बीम मुळातच वाकडा असतो त्यामुळे सकाळच्या शांत हवेतही थोडी फाटाफूट दिसेल, ती वजा धरा. बेरीज मोजायची सोपी युक्ती म्हणजे बीम एका बहिर्गोल भिंगातून न्यायचा आणि भिंग तिरकं करायचं, फोकसच्या जवळ पडदा मागेपुढे केला की डोनटचे पट्टे होतात, मधल्या काळ्या रेघा मोजा, जेवढ्या रेघा तेवढा चार्ज. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या मंडळींनी २०१३ मध्ये ही युक्ती मांडली, आणि माझ्या मते ती फार सुंदर आहे, कारण लाखाची उपकरणं सोडून चष्म्याच्या दुकानातल्या भिंगावर काम होतं.

हा चार्ज टिकतो म्हणूनच लोक डोनटमागे लागले. १९९२ मध्ये दाखवलं गेलं की असल्या बीममधला प्रत्येक फोटॉन ठरावीक अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचा संवेग) घेऊन जातो, मग माहिती पाठवायला वेगवेगळे चार्ज म्हणजे वेगवेगळी अक्षरं असं डोक्यात आलं. व्हिएन्नात २०१४ मध्ये शहरावरून ३ किलोमीटर असे नमुने पाठवले, आणि पलीकडे पडद्यावर पडलेला फाटका नमुना कुठला ते न्यूरल नेटवर्कला ओळखायला लावलं. दोन वर्षांनी ला पाल्मा ते तेनेरिफे, समुद्रावरून १४३ किलोमीटर. लक्षात घ्या, तिथेही आकार शाबूत नव्हताच पोचला, ओळखण्याइतका पोचला.

बाकीच्या आकारांचं थोडक्यात. बेसेल बीम १९८७ चा, गोल फटीतून प्रकाश घालून मागे भिंग ठेवलं की घरीही होतो, मधे बोट घातलं तरी पुढे स्वतःला सावरतो म्हणून त्याचं भारी कौतुक असतं. पण बोट एका जागी असतं, हवा सगळ्या वाटेवर असते, तो सावरतोय तोवर पुढचा पुंजका हजर. शिवाय त्याचं न पसरणं ठरावीक अंतरापुरतंच असतं. मला विचाराल तर कातळावर नेण्यात अर्थ नाही. फ्लॅट-टॉप, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड असलेला बीम, तर वाटेतच आपली सपाटी सोडतो. लुकलुक कमी करणं हेच ध्येय असेल तर खरा कामाचा आहे तो मुद्दाम बिघडवलेला बीम, म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या पंख्यावर ट्रेसिंग पेपरची चकती चिकटवून फिरवायची आणि त्यातून बीम न्यायचा. ठिपका पसरतो, उजेड कमी मिळतो, पण जो मिळतो तो कमी लुकलुकतो. सुंदर दिसत नाही म्हणून पोरं हा करत नाहीत.

लुकलुक मोजायला मोबाइल नको, तो आकडे आपल्या मनाने वाकवतो. बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, बस. उजेडाच्या वर्गाची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग, वजा एक, हा झाला सिंटिलेशन इंडेक्स. आधी लेसर बंद करून उन्हाचा आकडा घ्या आणि वजा करा. हलक्या टर्ब्युलन्समध्ये हा इंडेक्स अंतराच्या ११/६ घाताने वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं की साडेतीन पट. डिटेक्टर बीमच्या कडेला नको, तिथे नाचच लुकलुक म्हणून मोजला जातो. डोनटबाबतीत तर भोकात ठेवलात तर आकडा आभाळाला भिडतो आणि त्याचा अर्थ शून्य, भिंगाने सगळं कडं गोळा करून मगच मोजा.

वाऱ्याची एक गंमत. दुपारी खारा वारा सुटला की सगळ्यांना वाटतं आता वाट लागणार, पण मी बघितलंय की नाच भराभर होतो, मोठा होतोच असं नाही, जोराचा वारा तापलेली हवा मिसळूनही टाकतो. वाईट वेळ म्हणजे वारा पडलेला, अंगाला घाम फुटलेला, साडेबारा-एक. समुद्रावरच्या दमटपणाचा लोक धसका घेतात, पण दिसणाऱ्या प्रकाशात तापमानाच्या चढउतारासमोर ओलाव्याचं फारसं चालत नाही.

कॉम्प्युटरवरही करून बघायचं असेल तर वाटेचे दहा तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला एक फेज स्क्रीन, म्हणजे रँडम आकड्यांना कोल्मोगोरोवच्या स्पेक्ट्रमच्या (फ्रिक्वेन्सीचा उणे ११/३ घात) वर्गमुळाने वजन देऊन उलटं एफएफटी (फ्रिक्वेन्सीवरून चित्राकडे नेणारा झटपट हिशोब). बीमला स्क्रीनने गुणा, पुढच्या स्क्रीनपर्यंत एफएफटीने न्या, पुन्हा गुणा. पायथनमध्ये पन्नास ओळींचं काम. सगळे एकाच ठिकाणी फसतात, साध्या एफएफटी स्क्रीनमध्ये जाळ्याहून मोठे भोवरे येतच नाहीत, आणि नाच तर मोठ्या भोवऱ्यांचाच असतो. मग सिम्युलेशनमध्ये बीम शहाण्यासारखा एका जागी उभा आणि अंगणात थयथयाट. सबहार्मोनिक, म्हणजे जाळ्याहून मोठ्या लाटा, वेगळ्या घाला, आणि वर मोजलेल्या नाचाशी ताडून बघा.

पाऊस लागला की सगळं घरात. माशांची काचेची टाकी घ्या, अर्धा मीटर पुरते, पाण्याचा इंडेक्स एका डिग्रीला हवेच्या शंभरपट बदलतो. तळाशी मिठाचं पाणी, वरून हळूच गोडं, अगदी खाडीच्या तोंडाशी असतं तसं. न ढवळता त्या थरातून बीम नेला तर तो खाली वाकतो आणि डोनट भिंतीवर चेपून लांबट पडतो. मग पळीने एकदा ढवळा. बुबुळ फुटल्यासारखा डोनट फुटतो, लाल धागे भिंतभर वळवळतात, भोक कुठे गेलं ते कळत नाही. ढवळत राहिलात तर पाणी सगळं एकसारखं होतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत डोनट परत येऊन बसतो. परत बघायचं तर टाकी रिकामी करून नवं मीठ, म्हणून मिठाच्या तीन-चार पिशव्या आधीच आणून ठेवा, आमच्याकडे आईने स्वयंपाकघरातल्या बरणीला हात लावू दिलेला नाही.